बंदुकीची गाणी आणि गाणाऱ्यांच्या बेड्या

ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या फावेलांमध्ये, म्हणजे गरीब वस्त्यांमध्ये, १९९० च्या दशकापासून गायल्या जाणाऱ्या 'प्रोइबिदाँव' या फंकप्रकाराविषयी, म्हणजे टोळ्या आणि बंदुकांवरच्या नाचगाण्यांविषयी, दोन ठाम मते ऐकू येतात: कुणी त्याला गुन्हेगारीची जाहिरात म्हणते, तर कुणी वस्तीचे खरे वर्तमानपत्र. मला ही दोन्ही मते पटत नाहीत.

वस्तीतल्या रात्रीच्या नाचाला, म्हणजे 'बाइली'ला, तिथे अंमल असलेल्या टोळीची संमती लागते आणि पुष्कळदा खर्चही तीच उचलते. 'कोमांदो व्हर्मेल्यो' टोळीच्या हद्दीत उभा असलेला एमसी, म्हणजे गायक, 'तेर्सेइरो कोमांदो' या शत्रू टोळीचे नाव गौरवाने घेऊ शकत नाही. घेतले तर जिवाशी गाठ असते. म्हणूनच या गाण्यांत बंदुकांची नावे, मारले गेलेले साथीदार आणि शत्रूला दिलेली आव्हाने भरपूर सापडतात, पण आपल्याच टोळीने वस्तीवर बसवलेली दहशत सहसा सापडत नाही. पदरी ठेवलेला भाट यजमानाचे दोष कशाला गाईल?

ही दहशत काल्पनिक नाही. पेन्या भागातील व्हिला क्रुझेइरो वस्तीतल्या बाइलीत अमली पदार्थांची विक्री आणि अल्पवयीन मुलींचे शोषण होत असल्याच्या तक्रारींची शहानिशा करायला २००२ साली छुपा कॅमेरा घेऊन गेलेले पत्रकार टिम लोपेस यांना टोळीने पकडून ठार केले.

तरीही गाणाऱ्याला तुरुंगात टाकणे मला मान्य नाही. ब्राझीलच्या दंडसंहितेचे २८७ वे कलम गुन्ह्याच्या जाहीर उदात्तीकरणासाठी तीन ते सहा महिन्यांची कैद किंवा दंड सांगते. रिओ राज्याने २००९ मध्ये फंकला सांस्कृतिक चळवळ म्हणून कायद्याने मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी, कोंप्लेक्सो दो आलेमाँव या फावेलांच्या समूहावर लष्कर व पोलिसांनी ताबा मिळवल्यानंतर, काही एमसींना अटक केली. त्याच व्हिला क्रुझेइरोत मोठी बाइली भरवणाऱ्या डीजे रेनान दा पेन्या याला २०१९ मध्ये अमली पदार्थांच्या टोळीशी संगनमत केल्याच्या आरोपावरून सहा वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. पोलिसांच्या हालचालींची खबर देणारे त्याचे संदेश त्यात पुरावा ठरले. पोलिसांची चकमक कधी उडेल याचा नेम नसलेल्या वस्तीत अशी खबर सामान्य रहिवासीही एकमेकांना देतात, हे न्यायालयाने पुरेसे लक्षात घेतले असे मला वाटत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो सुटला, पण अपील पूर्ण होण्याआधी शिक्षा भोगायला लावू नये या सर्वोच्च न्यायालयाच्या सर्वसाधारण निर्णयामुळे.