पाठिंबा आहे ना? मग साक्षीदार म्हणून सही करायला या

प्राइडचे, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या अभिमान मोर्चाचे, फोटो आले की आमच्या निवृत्त बँकवाल्यांच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: "आमचा काही विरोध नाही बाई." विरोध तर माझा कात्रजच्या बोगद्यालाही नाही! त्याने कोणाचं काय अडलेलं सुटतं?

मी स्वतः या समाजातली नाही. जन्म बँकेत गेला, आधी काउंटरवर, मग कर्ज विभागात. आता पुण्यातल्या एका संस्थेत हिशेब बघायला जाते. समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या हक्कांसाठी काम करणारी छोटी संस्था आहे. भाषणाला मला कोणी बोलवत नाही, तेही बरंच आहे.

पुण्याला हे काम नवं नाही. बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला तो २००२ साली. तेव्हा कलम ३७७ खाली समलिंगी संबंध गुन्हाच होते. शहरातली पहिली प्राइड निघाली डिसेंबर २०११ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालाचा आधार होता तेव्हा. तो आधार सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला परत दिला. तेव्हापासून लोक विचारतात, झालं की आता सगळं, संस्था कशाला हवी?

कुठलं झालं! सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मिळाला नाही. म्हणजे वीस वर्षं एका छताखाली राहिलेली दोन माणसं कायद्याच्या लेखी एकमेकांची कोणीच नाहीत. खरी झटापट इथून पुढे सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा कुठल्यातरी फॉर्मवर होते.

गेल्या पावसाळ्यात दोघीजणी आल्या, चाळिशी ओलांडलेल्या. एकीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून रबरबँड लावलेली पासबुकं काढली. "मावशी, हिला नॉमिनी करायचंय. नात्याच्या रकान्यात काय लिहू?" बँकेतल्या पोराने त्यांना रक्ताचंच नातं लागतं म्हणून परत पाठवलं होतं. तसं काही नाही. अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्टच सांगितलंय की अशा जोडीदारांनी जॉइंट खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. ते पत्रक छापून दिलं, काम झालं.

पण मी त्यांना उठू दिलं नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आपल्याकडे भल्याभल्यांना ठाऊक नसतं. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, हक्क मात्र वारसांचा राहतो. मृत्युपत्र नसेल तर ज्या भावाने वर्षानुवर्षं तोंड पाहिलं नाही, तोच उद्या कागदपत्रं घेऊन दारात उभा. मृत्युपत्राला खर्च असा काही नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प ड्युटी लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी केलेली बरी). लागतात दोन साक्षीदार, आणि ज्याला मिळायचंय त्याने साक्षीदार होऊ नये.

गाडी तिथेच अडली. "आमच्याकडून कोण सही करणार?" मोठी म्हणाली. घरच्यांशी बोलणं नाही, शेजाऱ्यांना त्या मैत्रिणी म्हणून माहीत, ऑफिसात तर विषयच नाही. एक सही मी केली. दुसरीसाठी मुद्दाम तिशीतली मुलगी शोधली, कारण उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर साक्षीदार हयात हवा ना!

अशी कामं ढिगाने आहेत. त्यात संस्था म्हणजे ट्रस्ट. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, दरवर्षी ऑडिट, देणग्यांच्या पावत्या, व्हाउचरं. हे थकलं की अनुदान देणारा पहिला पाठ फिरवतो. मोर्चाला किती माणसं होती हे तो विचारत नाही, ताळेबंद मागतो. आणि फलक सुंदर रंगवणाऱ्या आमच्या पोरांना व्हाउचरला बिल टाचायचा मनस्वी कंटाळा.

त्यांच्याशी माझं आणखी एक भांडण चालू असतं. सगळी माहिती इंग्रजीत, इन्स्टाग्रामवर. भोसरीतल्या पोराच्या आईने ती वाचायची कशी? मुलगा कोण आहे हे कळल्यावर डॉक्टरकडे नेऊन "बरा करा" म्हणणारी आई बहुधा मराठीच वाचते. असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय. तिला हे मराठीत, कागदावर, हातात मिळायला हवं. पोरांना वाटतं पेन्शनर बाई कटकट करते. करते मी.

तर विरोध नसलेल्या मंडळींनो, यादी सांगते. मार्चअखेरच्या आत एक सीए हवाय, जो फी थोडी कमी घेईल पण प्रश्न पुरे विचारेल. शुद्ध मराठी टाइप करणारं कोणीतरी हवंय. रविवारी दुपारी दोन तास मिळेल अशी खोली हवी, दार बंद होणारी. मागच्या मालकांनी कोण लोक येतात ते पाहिलं आणि दुसऱ्या आठवड्यात किल्ली परत मागितली. पेठांत असेल तर उत्तम, लिफ्ट नसली तरी चालेल. आणि पन्नाशीच्या आतले, सही करताना नाव-पत्ता न लपवणारे साक्षीदार जितके मिळतील तितके. मला मेसेज करा, फोन दुपारी चारनंतर.