गुलाम करणारी मुंगी पाळायचीय? मग गुलाम कोण पुरवणार?

'आळशांसाठी सर्वोत्तम पाळीव प्राणी: ॲमेझॉन मुंगी! राणी आणा, कुठल्याही मुंग्यांत सोडा, बाकी सगळं गुलाम बघतात. निसर्गातच मालक आणि गुलाम असतात!' हा फॉरवर्ड मला आला असता तर पुसून मोकळी झाले असते. आला तो भाच्याला. आता त्याच्या कोथरूडच्या बाल्कनीत काचेची पेटी सजली आहे आणि जर्मनीहून येणाऱ्या काकांना राणी आणायला सांगायचं घाटतंय. म्हणून हा खटाटोप.

'कुठल्याही मुंग्यांत'? पॉलीएर्गस, म्हणजे ही ॲमेझॉन मुंगी, जगते फक्त फॉर्मिका वंशातल्या मुंग्यांच्या जिवावर. भारतात त्या हिमालयाकडे मिळतात. कुंडीखालच्या मुंगळ्यांत तिला सोडलंत तर मुंगळे तिचे तुकडे करतील. फॉर्मिकाच्या वारुळातसुद्धा तिला आयतं काही मिळत नाही. आत घुसून ती तिथल्या राणीला चावत, चाटत मारते आणि मेलेल्या राणीचा वास स्वतःच्या अंगावर घेते, तेव्हा कुठे कामकरी मुंग्या हिला आपली मानतात आणि तिच्या गुलाम होतात. शिवाय परवान्याशिवाय परदेशातून जिवंत कीटक भारतात आणता येत नाहीत, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

'बाकी सगळं गुलाम बघतात.' हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. या मुंगीचे जबडे विळ्यासारखे, मारामारीला उत्तम, घरकामाला शून्य. डार्विनने 1859च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये मुंग्यांचा अभ्यासक प्येर ह्यूबरचा प्रयोग दिलाय. ह्यूबरने अशा तीस मुंग्या गुलामांशिवाय कोंडल्या. आवडतं खाणं भरपूर, शेजारी त्यांच्याच अळ्या आणि कोष. तरी त्यांनी काडी हलवली नाही. स्वतःच्या तोंडात घास घालता येईना, कित्येक उपाशी मेल्या. मग त्याने फॉर्मिकाची एकच कामकरी मुंगी आत सोडली. तिने उरलेल्यांना भरवलं, खोल्या बांधल्या, अळ्यांचं बघितलं, सगळं मार्गी लावलं.

आता न सांगितलेलं अर्धं. त्या गुलामांची राणी मेलेली, म्हणजे त्यांची नवी पिढी घरात जन्मत नाही. जुन्या मरतात, तूट भरावी लागते. रानात त्यासाठी उन्हाळ्यातल्या दुपारी ॲमेझॉन मुंग्यांची रांग शेजारच्या वारुळावर धाड घालते आणि कोष पळवून आणते. पेटीत धाड कोण घालणार? तुम्ही! फॉर्मिकाची वारुळं शोधायची, उकरायची, कोष आणून ओतायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एका वसाहतीच्या हौसेपायी दुसऱ्या किती उजाड करायच्या? आणि म्हणे आळशांसाठी!

फॉरवर्डमध्ये 'मार खाऊन राबणारे गुलाम' असंही आहे. साफ थाप. पळवून आणलेल्या कोषातून मुंगी बाहेर पडताच ॲमेझॉन मुंग्यांच्या वारुळाचा वास तिच्या अंगात भिनतो, तेच तिला घर वाटतं. मारायची गरजच पडत नाही.

राहिलं 'निसर्गातच मालक आणि गुलाम'. हे वाक्य मुंग्यांबद्दल नाहीच, कुणाबद्दल आहे ते आपल्याला कळतं. तरी मुंग्यांचंच बोलू. अमेरिकेच्या ईशान्य भागात टेम्नोथोरॅक्स वंशाच्या इवल्याशा मुंग्या राहतात, अख्खी वसाहत ओकच्या एका फळात मावते. त्यांच्यातही एक जात दुसरीला गुलाम करते. 2009मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्या गुलाम दाया मालकांच्या अळ्या नीट वाढवतात, पण कोष झाले की त्यातले बरेच फाडून टाकतात नाहीतर वारुळाबाहेर फेकतात. निसर्गनियम म्हणून पाठवायचंच असेल तर हेही जोडा की खाली.