खुलासा: केस झडलेलं खोकड म्हणजे रेबीज नव्हे

‘रालामंडल अभयारण्याजवळ टकलं खोकड दिसलं, रेबीज आहे, दिसताच मारा,’ असा निरोप इंदूरच्या मराठी व्हॉट्सअॅप गटांत फिरतोय. मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे एक. दुसरं, केस झडणं हे रेबीजचं लक्षण नाही. बहुतेकदा ती खरूज असते. सारकोप्टिस नावाचा सूक्ष्म जीव कातडीत बोगदे करतो आणि प्राणी खाजवून खाजवून खंगतो. वेळेत पकडून, वेगळं ठेवून औषध दिलं तर तो बरा होऊ शकतो. केसही परत येतात. मात्र हात लावू नका, ही खाज माणसालाही लागते.

त्याच निरोपात चिकनमध्ये आयव्हरमेक्टिन हे खरजेवरचं औषध घालून ठेवायचा सल्ला आहे. अहो, ते कोण खाईल, किती खाईल, काय नेम? कोली जातीच्या काही कुत्र्यांच्या तर ते जिवावर बेततं. वनविभागाला कळवा, बस.

भ्यायचंच तर डिस्टेंपर या विषाणूच्या जीवघेण्या आजाराला भ्या. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत हाच विषाणू सापडला होता. तो कुत्र्यांकडूनही पसरतो, त्यामुळे अभयारण्यालगतच्या कुत्र्यांचं लसीकरण खोकडांच्याही फायद्याचं. आणि रेबीजबद्दल: कुठलाही प्राणी चावला तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा, लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्या.