फेरारी, फरेरा आणि लोहार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फेरारी या इटालियन आडनावावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप तीन : इटलीत इतके फेरारी आहेत म्हणजे मूळ घराणं एकच असणार, 'फेरारी म्हणजे लोहार' हे मी फारच सोपं करून टाकलं, आणि गोव्यातले फरेरा म्हणजे हेच फेरारी, ते मी गाळले.

एकच घराणं? अजिबात नाही. रॉसी आणि रुसो यांच्यानंतर इटलीत फेरारीच येतं, आणि ते इतकं पसरलं तेच मुळी ते कुणा एकाचं नव्हतं म्हणून. शेती गावात सगळेच करत, त्यावरून कुणाची ओळख पटणार नाही. भाता आणि ऐरण मात्र गावात एखाद्याच घरी. आपल्या बलुत्यातल्या लोहारासारखंच. म्हणून शेकडो गावांत, एकमेकांशी काही संबंध नसताना, तेच नाव चिकटलं. मोटारवाल्या, मोदेनाच्या एन्झो फेरारीच्या वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता खरा, पण तो निव्वळ योगायोग. आडनाव त्याच्या कितीतरी शतकं आधीचं.

दुसरा आक्षेप निम्मा मान्य. मी फेरारा हे आडनाव सरसकट लोहारांच्या आडनावांत टाकलं होतं, ते चुकलं. ते फेरारा शहरावरूनही येतं. बाकी गणित मात्र पक्कं आहे. लॅटिन 'फेरारिउस' (लोखंडाचं काम करणारा) यामधला 'आरिउस' प्रत्यय प्रांतागणिक वेगळा झिजला : टस्कनीत 'आयो', दक्षिणेत आणि व्हेनेतोत 'आरो', पिएमोंतेत 'एरो'. त्यामुळे लोम्बार्दी-एमिलियात फेरारी, कालाब्रियात फेरारो आणि पिएमोंतेत फेरेरो (चॉकलेटवाले, आल्बा गावचे). टस्कनीत लोहाराला 'फाब्रो' म्हणत, म्हणून तिथे आणि रोमान्यात फाब्री. हा शब्द लॅटिन 'फाबेर'चा (कारागीर), म्हणजे शब्दाचं घराणं वेगळं. त्यातल्या 'ब'चा 'व' होऊन व्हेनेतोत फावेरो, फावारो झाले. फ्रिउलीत फाब्रिस, सार्डिनियात तर थेट फ्राउ. नालबंद वेगळा, तो मानिस्काल्को. त्याला लोहारांत घुसडू नये.

फेरारीतल्या शेवटच्या 'ई'बद्दलही विचारलंत. तो अनेकवचनाचा, 'लोहारांपैकी' अशा अर्थाचा. किंवा लॅटिन दस्तऐवजातल्या 'अमक्या लोहाराचा मुलगा' या षष्ठीचा अवशेष. दोन्ही वाटांनी तो आलेला आहे.

फरेराचं मूळही लॅटिन 'लोखंड'च, पण तो शब्द पोर्तुगीज, आणि लोहारशाळा किंवा लोखंडाची खाण असलेल्या जागेवरून पडलेला. गोव्यात धर्मांतराच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे. तेव्हा गोव्यातल्या फरेराचे पूर्वज काय करत होते, हे आडनाव सांगतच नाही.

स्वतः तपासायचं असेल तर उलटं जा. आधी नगरपालिकेची नोंद. देशभराची नागरी नोंदणी 1866 पासूनची. त्यामागे चर्चची बाप्तिस्मा-वही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1563 मध्ये ती सक्तीची केली. त्याहून मागे नोटरीचे दस्त. घोळ होतो तो इथे : पाद्री लॅटिनमध्ये लिहीत, पुढच्या कारकुनाने त्याचं पुन्हा इटालियन केलं, की बापाचा फेरारो मुलाच्या नोंदीत फेरारी होऊन बसतो. म्हणून एका नोंदीवर विसंबू नका. भावंडांच्या आणि लग्नाच्या नोंदी शेजारी ठेवून बघा. नावापुढे 'फाबेर फेरारिउस' असेल तर तो माणूस खरोखर घण मारत होता. 'दे फेरारीस' असेल तर आडनाव तेव्हाच ठरून गेलेलं, आणि तो शिंपीसुद्धा असू शकतो.