समुद्रातला एक अख्खा शनिवार

आईला घेऊन क्रूझवर जाऊन आले त्याला आता पंधरा दिवस होतील. ऑफिसात, सोसायटीत, अगदी भाजीवाल्या मावशींकडेसुद्धा एकच प्रश्न, "काय काय केलंत?" शनिवारी आम्ही काहीच केलं नाही असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. एवढे पैसे घालून काहीच नाही? म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत पक्कं झालंय, क्रूझवरचा सगळ्यात मोलाचा दिवस म्हणजे ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही तो. आणि तो दिवस मोकळा ठेवावा.

फेरी साधीच होती. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून निघायचं, शनिवार अख्खा समुद्रात, रविवारी सकाळी परत. नवरा म्हणाला, "गोव्याची घे ना, निदान उतरायला तरी मिळेल." पण आई चौऱ्याहत्तरची, गुडघे धरलेले. तिला चढउतार करायला लावणंच मला नको होतं.

आई विजयदुर्गजवळची. तिच्या लहानपणी गावाला जायचं म्हणजे आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, एकेक बंदर घेत खाली जायची. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्यावर. आईला आठवतं ते डेकवर चादर अंथरून अडवलेली जागा, ट्रंकेला टेकून बसलेली आजी, फिरकीच्या तांब्यातलं कोमट पाणी, इंजिनाच्या तेलाचा वास आणि ओकाऱ्या. गाडी लागते तशी बोटही लागायची. त्यात 'रामदास' बोटीची गोष्ट आमच्या घरात कायमची मुक्कामाला. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आजोबा ती सांगायला लागले की घरातले सगळे गप्प व्हायचे.

त्यामुळे बोटीवर कुणी आरामाला जातं हे आईला पटतच नव्हतं. पर्समध्ये आलेपाकाची पुडी आणि दोन लिंबं घेऊनच ती नेरूळहून निघाली. अटल सेतूवरून जाताना काचेला नाक लावून खाली बघत होती. २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातले साडेसोळा समुद्रावर. "आता बोट कशाला हवी, हाच की समुद्र," म्हणाली.

बॅलार्ड पिअरला जहाज बघितल्यावर मात्र गप्प झाली. निघायच्या आधी सगळ्यांना आपत्कालीन सराव करावा लागतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ते वाजले की ठरलेल्या जागी जमायचं. टायटॅनिक १९१२ ला बुडाली, त्यानंतर १९१४ साली जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच करारातून पुढे हे सगळे नियम आले. आजूबाजूचे लोक फोटो काढत होते. आईने मात्र लाइफ जॅकेटचा पट्टा कसा बांधायचा ते तिथल्या मुलीकडून दोनदा करून घेतलं. मला फार बरं वाटलं ते.

जहाज सुटलं तेव्हा उजेड होता. घारापुरी, न्हावा शेवाच्या क्रेन्स, लांबवर पुलाची रेघ. आम्ही तीस वर्षं खाडीच्या काठाला राहतो, फ्लेमिंगो आले की बघायला जातो, पण आपला काठ पाण्यातून कसा दिसतो ते पहिल्यांदाच बघितलं. अंधार पडल्यावर डाव्या अंगाला एक दिवा लुकलुकायला लागला. खांदेरी. तिथलं दीपगृह १८६७ चं, आणि बेटाला आता कान्होजी आंग्र्यांचं नाव. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार याच किनाऱ्यावरचे. आईला सांगितलं तर म्हणाली, "आमचा विजयदुर्ग पण?" आणि कितीतरी वेळ तो दिवा बघत राहिली. स्पीकरवर तेव्हा बिंगोची आणि डान्सची घोषणा चालू होती. खांदेरीबद्दल दोन वाक्यं सांगितली असती तर काय बिघडलं असतं? महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून जहाज जातंय आणि हजार-दीड हजार माणसांना काठावर काय आहे याचा पत्ता नाही, हे मला खरंच लागलं.

शनिवारी पहाटे पाचला जाग आली तर आई पलंगाच्या कडेला बसलेली. अंघोळ झालेली, वेणी घातलेली, चादर घडी करून ठेवलेली. म्हणाली, "उठले खरी, पण आता काय करू?" दूध तापवायचं नाही, डबा नाही, नळाला पाणी येण्याची वेळ नाही. पन्नास वर्षं ज्या बाईने पाचचं घड्याळ पाळलं तिच्यासमोर रिकामी सकाळ होती, आणि ती अक्षरशः घाबरलेली होती. मी तिला तशीच डेकवर घेऊन गेले.

वरच्या डेकवर दहा वाजल्यापासून डीजे सुरू झाला. लोक हातात कार्यक्रमांचा कागद घेऊन पळत होते, योगा, मग झुंबा, मग क्विझ, मग जादूचे प्रयोग, आणि बुफेच्या रांगेत अर्ध्या ताटात टाकलेलं अन्न. मुलं लहान असतील तर समजू शकते. पण रोज ७:४८ ची लोकल पकडणारी माणसं इथेही घड्याळाकडे बघत धावताना पाहून जीव कळवळला. आम्ही खालच्या डेकवर मागच्या बाजूला गेलो. तिथे चार खुर्च्या, वारा, आणि जहाजाने मागे सोडलेला फेसाचा पांढरा पट्टा. बाकी पाणीच पाणी. फोनची रेंज रात्रीच गेली होती, जहाजाचं महागडं वायफाय मी मुद्दाम घेतलं नाही.

पहिला तासभर आई अस्वस्थ होती. पदराने खुर्चीचा हात पुसला, चष्म्यावर मीठ साचलं म्हणून तीनदा चष्मा पुसला. एवढ्या लोकांना गोडं पाणी कुठून आणतात, असं विचारलं. समुद्राचंच पाणी गोडं करून घेतात म्हटल्यावर तांब्याची आठवण निघाली. मग हळूहळू हात मांडीवर स्थिर झाले. साडेअकराला ती खुर्चीतच झोपली. उघड्यावर, दिवसा, तोंड किंचित उघडं. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला असं झोपलेलं पाहिलेलं नाही.

दुपारी तीनच्या सुमारास म्हणाली, "सकाळपासून मला कुणी हाक मारली नाही गो." तक्रार नव्हती ती. आश्चर्य होतं. आणि मग तिच्या वडिलांबद्दल बोलायला लागली. ते गिरणीत होते, शिमग्याला बोटीने यायचे, पडावातून उतरताना धोतर वर खोचून तिला खांद्यावर घ्यायचे. हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी बावन्न वर्षांची आहे.

खोली आवरणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला. आईने दुसऱ्यांदाही पलंग आवरलेला पाहून म्हणाला, "मावशी, हे माझं काम आहे, राहू द्या." आईने उलट विचारलं, "तुला सुट्टी कधी असते?" महिनोन्‌महिने करार चालतो, रविवार वगैरे काही नाही, संपला की घरी. आपला आराम या मुलांच्या पायांवर उभा असतो. त्यांच्याशी टिचकी वाजवून बोलणारी माणसं मी तिथे पाहिली आणि मान खाली गेली. बक्षिसी द्या, आणि नाव विचारून नावाने हाक मारा.

आई-वडिलांना न्यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत न्या, अरबी समुद्र तेव्हा शांत असतो. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. खिडकी मिळाली तर उत्तम, पण नाही मिळाली तरी अडत नाही, दिवस बाहेरच काढायचा आहे. एका पूर्ण दिवसाला हात लावू नका, कार्यक्रमांच्या त्या कागदावर खूण करू नका. आणि सोबत आलेपाक असू द्या. आमची पुडी बांधलेलीच परत आली, पण पर्समध्ये ती होती म्हणून आई निघाली. काही विचारायचं असेल तर फोन करा, रात्री नऊनंतर मी घरीच असते.