वरचा गिअर, न्यूट्रल आणि पाण्याची बादली: घाटात गिअरबॉक्स थंड ठेवण्याचे चुकीचे सल्ले

घाटात ट्रकचा गिअरबॉक्स तापू नये म्हणून पाच गोष्टी करा, असं सांगणारा एक मेसेज मोबाइलवर हातोहात फिरतोय. चढावर जमेल तितका वरचा गिअर ठेवा, फेरे कमी म्हणजे उष्णता कमी. उतारावर न्यूट्रल करा, गिअरबॉक्सला विश्रांती मिळते आणि डिझेलही वाचतं. काटा लाल पट्ट्यात गेला की गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा. घाटाआधी गिअरबॉक्सचं ऑइल थोडं जास्त आणि थोडं जाड भरा. आणि फारच तापला तर वरून पाणी मारा.

वाचताना पाचही गोष्टी पटतात, म्हणूनच हा मेसेज इतका पुढे गेला असावा. पण यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही. दुसरा तर माणसांच्या जिवावर बेतू शकतो.

पहिल्या सल्ल्यापासून सुरुवात करू, कारण बाकीच्यांचं मूळही तिथेच आहे. जितके फेरे जास्त तितकं गरम, ही ती समजूत. गिअरबॉक्स फिरल्यामुळे थोडा तापतो हे खरं, पण चांगल्या स्थितीतल्या दात्यांच्या एका जोडीत वाया जाणारी शक्ती एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते. खरी उष्णता घसरणीत तयार होते: एक भाग जोरात फिरतोय, त्याने ज्याला ओढायचं तो मागे पडतोय, आणि मधला फरक उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरतोय.

ऑटोमॅटिक गाडीत ही जागा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. त्याची एक बाजू इंजिनला जोडलेली, दुसरी गिअरबॉक्सला, आणि दोघांमध्ये फक्त ऑइल. सपाट रस्त्यावर वेग आला की आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू घट्ट पकडतो आणि घसरण संपते. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रडत-रखडत चालली की हाच लॉकअप सुटतो. इंजिन २०० किलोवॅट शक्ती देतंय आणि कन्व्हर्टर ८० टक्केच पुढे पोहोचवतोय असं धरा. उरलेले ४० किलोवॅट थेट ऑइल तापवण्यात जातात. आत ३० लिटर ऑइल असेल आणि कूलरने काहीच उष्णता काढून घेतली नाही, तर ऑइलचं तापमान दर सेकंदाला साधारण पाऊण अंशाने चढेल. कूलर असतो म्हणून प्रत्यक्षात इतकं होत नाही, पण त्याच्यावर किती भार पडतो ते यावरून कळतं.

आता याच चढावर एक गिअर खाली घ्या. इंजिनचे फेरे वाढतात, आवाज वाढतो, नव्या ड्रायव्हरला वाटतं गाडीवर जुलूम होतोय. आत मात्र उलटं घडतं. कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू जवळजवळ एका वेगाला येतात, लॉकअप लागतो, घसरण थांबते. शिवाय पाण्याचा पंप, बहुतेक ट्रकमधला रेडिएटरचा पंखा आणि गिअरबॉक्सचा ऑइल पंप हे तिन्ही इंजिनच्या फेऱ्यांवर चालतात. फेरे कमी ठेवणं म्हणजे थंड करणारी यंत्रणाच मंद करणं. उंचीवर हे आणखी जाणवतं. समुद्रसपाटीच्या तुलनेत २,००० मीटरवर हवा सुमारे १८ टक्के विरळ असते, त्यामुळे तोच पंखा तितक्याच वेगाने फिरला तरी उष्णता कमी उचलतो.

वरच्या गिअरचा आणखी एक तोटा म्हणजे गिअरबॉक्सची सतत चाललेली चलबिचल. गाडी पाचवा टाकते, ओढ कमी पडते, चौथ्यावर येते, जरा वेग आला की पुन्हा पाचवा. प्रत्येक बदलात आतल्या क्लचच्या प्लेटा क्षणभर घसरतात आणि ऑइलला चटका देतात. म्हणूनच लोडच्या गाड्यांत 'टो-हॉल'सारखा मोड किंवा गिअर धरून ठेवायची सोय दिलेली असते. चढ लागण्याआधीच ती वापरावी. इंजिन लाल रेषेपर्यंत पिळायची गरज नाही. जिथे गाडी न अडखळता ओढते आणि गिअर सारखा वर-खाली होत नाही, तो गिअर बरोबर.

या मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही अशी एक सवय मला सगळ्यांत घातक वाटते: घाटात वाहनांची रांग लागली की ब्रेक न लावता अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची, किंवा वीतभर-वीतभर पुढे सरकत राहायचं. ऑटोमॅटिकमध्ये गाडी जागेवर असताना कन्व्हर्टरने घेतलेली सगळीच शक्ती उष्णता होते. वर्कशॉपमध्ये स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक लावून गिअरमध्ये इंजिन जोरात फिरवून बघायची चाचणी, घेताना अॅक्सिलरेटरवर पाय पाच सेकंदांच्या वर दाबून ठेवू नका असं बजावतात, ते याचसाठी. मॅन्युअलमध्ये हाच प्रकार हाफ क्लचवर होतो, आणि क्लचप्लेट जळल्याचा तो तिखट, घशात बसणारा वास केबिनमध्ये येतो. ऑटोमेटेड मॅन्युअल गाडीत क्लचचं पेडल नसतं, त्यामुळे आत क्लच नाहीच असा पुष्कळांचा समज असतो. आत कोरडी क्लचप्लेट असते आणि ती तशीच जळते. यावर उपाय सोपा आहे. ब्रेक लावून उभं राहा, पुढे चांगली मोकळी जागा होऊ द्या, मग एकदाच नीट गाडी उचला. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे.

उतारावरच्या न्यूट्रलबद्दल मला सौम्यपणे लिहिता येणार नाही. २५ टनांचा ट्रक १,००० मीटर खाली उतरतो तेव्हा सुमारे २४५ मेगाजूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सहा टक्के उतारावर ताशी ४० किलोमीटरने उतरताना हा हिशोब दर क्षणी जवळपास १६० किलोवॅटचा होतो. टायर आणि हवा त्यातला थोडा वाटा घेतात. बाकीचा वाटा खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा) आणि रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता गाडी रोखणारं यंत्र) यांनी उचलायचा असतो. न्यूट्रल केलं की इंजिनचा चाकांशी संबंध तुटतो, एक्झॉस्ट ब्रेक निरुपयोगी होतो आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. लायनर तापले की पकड सोडतात. पेडल दाबलं जातं, गाडी थांबत नाही. अशा वेळी पुन्हा गिअर टाकायला जावं, तर गाडीने इतका वेग घेतलेला असतो की मॅन्युअलमध्ये गिअर बसतच नाही.

बरं, गिअरबॉक्सला विश्रांती तरी मिळते का? तीही नाही. साध्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये खालचा काउंटर शाफ्ट ऑइलमध्ये बुडून फिरतो आणि ऑइल वर उडवतो. न्यूट्रलमध्ये तो इंजिनच्या आयडलिंगवर संथ फिरतो, तर चाकांना जोडलेला मुख्य शाफ्ट वर भरधाव फिरत असतो. म्हणजे बेअरिंगला वंगणाची गरज जास्त आणि पुरवठा कमी. ज्यांनी त्यापुढे जाऊन इंजिनच बंद केलं, त्यांचा काउंटर शाफ्ट पूर्ण थांबतो आणि वर कोरडं घासणं सुरू होतं. बंद पडलेला ट्रक ओढून नेताना गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवतात, त्याचं कारण हेच. इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग गेलं आणि ब्रेकच्या टाकीत नवी हवा भरणंही थांबलं. ऑटोमॅटिकमध्येही वेगात न्यूट्रल करून पुन्हा ड्राइव्हमध्ये टाकलं तर तो सगळा फरक आतल्या प्लेटा घासूनच भरून काढतात.

डिझेलचं म्हणाल तर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनांत, गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरलं की डिझेलचा फवारा पूर्ण बंद होतो. चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये आयडलिंग टिकवायला डिझेल जळतं. त्यामुळे बचतीचा मुद्दाही उलटाच पडतो.

'उतारावरही तापमानाचा काटा चढतो' ही तक्रार मात्र खरी असू शकते, आणि तिचं उत्तर द्यायला हवं. काही ट्रकमधला हायड्रॉलिक रिटार्डर गाडी रोखण्यासाठी ऑइलच घुसळतो. ती उष्णता कूलरमार्गे रेडिएटरच्या पाण्यात जाते. लांबच्या उतारावर सगळं काम एकट्या रिटार्डरवर सोपवलं तर ऑइल तापतं, आणि मर्यादा ओलांडू नये म्हणून यंत्रणा रिटार्डरचा जोर आपोआप कमी करते, तेही भर उतारावर. म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून खालचा गिअर घ्यावा. इंजिन जास्त फेऱ्यांवर राहिलं की ते स्वतः गाडी रोखतं, पंप आणि पंखाही जोरात चालतात, आणि रिटार्डर खालच्या पायरीवर ठेवून भागतं.

तापलेल्या गाडीचं इंजिन लगेच बंद करायचा सल्लाही उलटाच आहे. इंजिन थांबलं की ऑइल पंप थांबतो, आणि सगळ्यांत गरम ऑइल कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. सुरक्षित जागी गाडी घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना उटी (अडसर म्हणून ठोकळे) लावा, न्यूट्रलमध्ये इंजिन १,२०० ते १,५०० फेऱ्यांवर चालू ठेवा. दोन-तीन मिनिटांत काटा खाली येऊ लागला पाहिजे. येत नसेल तर कूलरच्या जाळीत चिखल किंवा गवत अडकलंय, पंखा लागत नाहीये किंवा ऑइल कमी आहे, यातलं काही शोधायला हवं. इंजिन बंद करायचं ते ऑइल गळत असेल, धूर येत असेल किंवा रेडिएटर उकळत असेल तेव्हा. उकळत्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

जास्त ऑइल भरल्याने ते फिरत्या भागांत घुसळलं जातं, फेस होतो, फेसाळ ऑइलला दाब धरत नाही, आणि प्लेटा घसरू लागतात. म्हणजे ज्या उष्णतेला टाळायचं तीच ओढवून घ्यायची. वर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवा सोडणाऱ्या छिद्रातून) बाहेर आलेलं ऑइल गरम सायलेन्सरवर पडलं तर आग. जाड ऑइल घुसळायलाही जास्त शक्ती लागते आणि ते बारीक वाटांतून वेळेवर पोहोचत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरावं. ऑटोमॅटिकमध्ये पातळी पुस्तकात सांगितलेल्या तापमानालाच पाहावी, कारण गरम झाल्यावर ऑइल फुगतं आणि थंड असताना ऑइल मोजायच्या कांडीवर वेगळीच खूण दिसते.

पाण्याबद्दल फार लिहायला नको. उष्णता आतल्या ऑइलमध्ये असते, बाहेरून बादली ओतून ती फारशी निघत नाही. तापलेल्या अॅल्युमिनियमच्या आवरणाला मात्र अचानक गारवा बसतो आणि ब्रीदरमधून पाणी आत जाऊ शकतं. तापलेल्या ब्रेक ड्रमवर तर पाणी चुकूनही मारू नये, ड्रम तडकतो.

एकदा गाडी खरोखर तापली असेल तर घाट संपल्यावर विषय संपला असं समजू नका. ऑटोमॅटिकचं ऑइल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियसला सुखाने काम करतं. १२० च्या पुढे ते झपाट्याने खराब होतं. ढोबळ मानाने दर १० अंश वाढीला त्याचं आयुष्य निम्मं होतं. कांडीवरचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघा. लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी असेल आणि करपल्याचा वास येत असेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी मिसळलंय. तशा गाडीने पुढचा घाट चढू नका, आधी कूलर बदलून घ्या.