वजनकाट्यावरची साक्ष

कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती माणसानं आपल्या विश्वासाची साक्ष कशी द्यावी, यावरचा तुमचा लेख वाचला. टेबलावर बायबलवचनाचं कॅलेंडर ठेवा, जेवणाच्या सुट्टीत सोबत्यांना प्रार्थनेला बोलवा, असं लेखकांनी सुचवलंय. ऑफिसात चालत असेल. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका स्टील कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो. इथं परीक्षा घेतो तो भंगाराचा ट्रक. भरल्या गाडीचं वजन होताना किन्नर (गाडीवरचा क्लीनर) केबिनमध्ये सीटमागं दबून बसतो, अन् गाडी रिकामी होऊन परत काट्यावर आली की हा गडी टपरीवर चहा पितोय. म्हणजे अख्खा माणूस लोखंडाच्या भावानं विकला! त्याला आधीच खाली उतरवायचं की गपचूप पावती काढायची, माझी सेवा तिथं ठरते. बायबलात नीतिसूत्रे 11:1 मध्ये खोट्या तराजूबद्दल स्पष्ट लिहिलंय, लेखात त्याचा उल्लेखही नाही.

लेखात प्रेषित पौलाचं उदाहरण चांगलं दिलंय, पण अर्धवट. करिंथात तो अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याकडं राहून तंबू करायचा (प्रेषितांची कृत्ये 18). कुणावर आपला भार नको म्हणून रात्रंदिवस राबलो, असं तो स्वतःच थेस्सलनीकाकरांना कळवतो. ते कष्ट लेखात कुठं आहेत?

अन् सुपरवायझरनंच प्रार्थनेला बोलावलं तर कंत्राटी पोरगा नाही कसं म्हणणार? मला तरी हे पटत नाही. कुणी आपणहून विचारलं तर जरूर सांगावं, मीही सांगतो.

रविवारी पाळी लागणाऱ्यांनी उपासनेचं काय करायचं, यावर लिहा एकदा. आमची घरसभा बुधवारी संध्याकाळी असते, पण दुसरी पाळी असली की तीही हुकते.